कोण गेलं?

केरबाच्या दुकानात तिरडीचं सामान मिळायचं. घरासाठी कर्ज हवं होतं, पण पगाराची स्लिप आणणार कुठून? म्हणून बँकेचे साहेब धंदा डोळ्यांनी बघायला सकाळपासून स्टुलावर बसले होते. गिऱ्हाईक एकही नाही. आणि कुणी यावं, असं मनात आणायचीही चोरी!

तेवढ्यात ठरल्याप्रमाणे जिवलग दोस्त दिगू तोंड पाडून आला. "सगळं सामान बांध."

केरबानं बांबू उचलला आणि सवयीनं विचारलं, "कोण गेलं?"

हे ठरलंच नव्हतं. कुणाचं नाव घेणार? दिगू म्हणाला, "माझंच घाल नाव."

केरबाच्या हातून बांबू निसटला. "शुभ बोल, मुडद्या!" मग साहेबांकडे वळून त्यानं हात जोडले. "हे गिऱ्हाईक खोटं आहे, साहेब. राहू द्या कर्ज."

साहेबांनी खिशातून पेन काढलं. "खरं बोलणारं गिऱ्हाईक आम्हालाही क्वचितच मिळतं," म्हणत त्यांनी अहवालावर होकाराची सही केली आणि उठले. "येतो."

केरबा दचकला. "इथनं निघताना येतो म्हणू नये, साहेब!"

"मग वास्तुशांतीला येऊ कसा?"