आधी रिबीन

"एका संख्येला तीनने गुणून चार मिळवले, तर पंचवीस आले. ती संख्या कोणती?" ओवी रडकुंडीला आली होती. ती आधी पंचवीसला तीनने भागायला जाई आणि भाग काही जाईना.

मनीषा ओवीच्या बाबांशी लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून ओवी तिला 'मावशी' म्हणे, पण केसांना हात लावू देत नसे. वेण्या आईच घालायची. आई वारल्यापासून ओवी स्वतःच कशाबशा घालून शाळेत जाई.

"वेणी सोडताना आधी काय सोडतेस?" मनीषाने लांबूनच विचारले.

"रिबीन."

"का गं? ती तर शेवटी बांधतेस ना?"

"म्हणूनच ती आधी..." ओवी थबकली. तिने पंचविसातून चार वजा केले, मग एकवीसला तीनने भागले. "सात! मावशी, सात आले!"

दुसऱ्या दिवशी सकाळी कंगवा, रिबिनी घेऊन ओवी गुपचूप मनीषापुढे पाठमोरी बसली. "घट्ट घाल. माझी दुपारपर्यंत सुटते."

मनीषा सरसावून बसली, तोच तिचा पाय जमिनीवरच्या गणिताच्या पुस्तकाला लागला. तिने वाकून त्याला नमस्कार केला. नुसता पाय लागल्यावर करतात त्याहून अंमळ जास्तच वेळ.