मुठीतला जोर

"मुठीत जोर आणा, आजी," डॉक्टरबाई म्हणाल्या. कमलिनीने यंत्राची मूठ जीव खाऊन आवळली, पण काटा जेमतेम हलला. शेजारी बसलेली नलिनी हसली, तेव्हा कमलिनीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दोघी जुळ्या बहिणी. एकाच पाळण्यात वाढलेल्या, एकाच दिवशी सत्तरी गाठलेल्या. पण जुळ्यांच्या म्हातारपणाचा अभ्यास करणाऱ्या या बाईंच्या मते नलिनीचं शरीर अजून साठीचंच होतं आणि कमलिनीचं ऐंशीला टेकलं होतं.

"मेलीनं माझ्या वाटणीचंही तारुण्य लाटलं," कमलिनी पुटपुटली.

मग कशालाही हात न लावता खुर्चीतून उठायचं होतं. नलिनी पोरीसारखी टुणकन उठली. कमलिनीने मात्र सवयीने हात पुढे केला आणि तिला घेऊन आलेल्या सुनेने सवयीनेच तो धरला.

"अहो, आधार द्यायचा नाही!" डॉक्टरबाई ओरडल्या.

नलिनी त्या दोन हातांकडे बघतच राहिली. "मला नाही गं असं कुणी," ती हळूच म्हणाली. "घरात एकटी असते. पडले तर उचलणार कोण, म्हणून रोज उठबशा काढते."

कमलिनीला बहिणीची कीव यायला हवी होती. पण तिने सुनेचा हात नलिनीला नीट दिसेल असा वर धरला आणि करकचून आवळला.

"आई, हळू!" सून कळवळली. "बोटं मोडाल माझी!"