समोर न बसलेली मुलगी

"समोर कुणी बसल्याशिवाय चित्र काढू कसं, बाई?" चित्रकार तिसऱ्यांदा म्हणाला.

"मी सांगते ना. तुम्ही नुसतं काढत जा."

बाईंनी गिऱ्हाइकाची खुर्ची ओढून चित्रकाराच्या शेजारी लावली होती, त्याच्यासारखंच गर्दीकडे तोंड करून. शहराच्या मधोमधचा हा रस्ता वर्षातून एक रविवार गाड्यांना बंद असायचा आणि मग तिथे माणसांचा नुसता पूर लोटायचा. एका टोकाला बँड, दुसऱ्या टोकाला उंच काठ्यांवर चालणारे विदूषक, मधे शर्टावर आइस्क्रीम सांडत फिरणारी पोरं. या दिवशी चित्रकाराला मान वर करायची फुरसत नसे. दहा मिनिटांत एक चेहरा, असा त्याचा हात. आणि आज ऐन गर्दीच्या वेळी या बाई ठाण मांडून बसल्या होत्या.

"मोबाइलमध्ये एखादा फोटो तरी असेल?"

"नाही हो."

"कमाल आहे. हल्ली लोक मांजराचेसुद्धा दोनशे फोटो काढतात."

बाई हसल्या, पण ते हसू काही टिकलं नाही. "उद्या सकाळी ह्यांचं हृदयाचं ऑपरेशन आहे. काल म्हणाले, आपली लेक आता कशी दिसत असेल गं? बस, एवढंच. येत्या आठवड्यात अठरा पूर्ण होतील तिला. भेटायची वेळ सहाला संपते, त्याआधी मला चित्र घेऊन पोचायचंय."

"अहो, मग तिलाच घेऊन जा की."

"ती येण्यातली नाही."

काय ते चित्रकार समजला. अशी घरं त्याने पाहिली होती, आणि त्यातलं एक तर त्याचं स्वतःचंच होतं. चार वर्षांपूर्वी शब्दाने शब्द वाढला आणि मुलगा घरातून निघून गेला, तो पुन्हा फिरकला नव्हता. त्याने मुकाट्याने नवा कागद लावला.

"हं, सांगा."

"हनुवटी ह्यांची, मधे खळी असलेली. कान माझे. डावा कान वरून जरासा दुमडलेला." एवढं त्यांनी धडाधड सांगितलं. "आणि बोटं अगदी लांबसडक."

"बोटं चित्रात येत नाहीत. केस?"

तिथे बाईंची गाडी अडली. त्या गर्दीत शोधू लागल्या. "ती बघा, पिवळ्या शर्टातली. साधारण तसे. पण हिचे जरा जास्त दाट, जन्मतःच दाट होते."

"आणि गाल?"

"तेव्हा छान भरलेले होते. आता उतरले असतील, नाही?"

मग दोघांनी मिळून गर्दी चाळायला सुरुवात केली. अठराच्या आसपासची कुणी दिसली की चित्रकार भुवई उडवायचा, "ही?" आणि बाई मान हलवायच्या. "छे, ही फार नटवी." "ही? अहो, ही भावाला किती ओरडतेय बघा." एका मुलीचं हसू त्यांनी घेतलं, दुसरीचं कपाळ. चित्रकाराला मजा वाटू लागली. मागे रांगेत उभी असलेली दोन गिऱ्हाइकं कंटाळून निघून गेली, तरी त्याला पत्ता नव्हता.

"आता डोळे. काळे की घारे?"

बाई पुन्हा गर्दीत शोधू लागल्या.

"मोठे? बारीक?"

न वाचलेला धडा नेमका परीक्षेत यावा, तसा बाईंचा चेहरा झाला. चित्रकाराला एकदम राग आला. आईला लेकीचे डोळे आठवू नयेत, इतकी वर्षं ही कार्टी घराकडे फिरकली नाही म्हणजे काय?

"राग मानू नका," तो म्हणाला, "पण तुमची मुलगी दगड आहे. बाप उद्या ऑपरेशनच्या टेबलावर आडवा होणार आणि हिच्याच्याने एक फेरी मारवत नाही."

"तिचा काही दोष नाही."

"सगळे आईबाप असंच म्हणतात. मीही म्हणतो."

साडेपाच होऊन गेले. बाईंची नजर सारखी गर्दी आणि घड्याळ यांत फिरत होती. तेवढ्यात समोरून एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची मुलगी चालले होते. बुटाची नाडी बांधायला गृहस्थ खाली वाकले आणि मुलगी त्यांच्याकडे बघत थांबली. तिला कसलीही घाई नव्हती.

बाईंनी चित्रकाराचं मनगट धरलं. "ते डोळे. तेच काढा."

त्याने भराभर काढले. पण मनातला राग हातात उतरला होता. भुवया ताठ आल्या.

"इतकी रागीट नको हो," बाई हळूच म्हणाल्या. "तिने कधी कुणाचा राग केला नाही."

त्याने भुवया पुसल्या, सैल काढल्या, ओठांची कडही किंचित वर घेतली. कागदावर एक पोरगी आता दोघांकडे बघत होती. चित्रकाराला तिची माया वाटू लागली. इतकी गोड मुलगी रुसून बसते म्हणजे चूक एकट्या तिचीच कशी असेल? आज घरी गेल्यावर मुलाला आपणच फोन लावायचा, असं त्याने ठरवून टाकलं.

बाईंचे डोळे भरून आले होते. "हीच," त्या म्हणाल्या. "हे बघताक्षणी ओळखतील."

चित्रकाराने गडद पेन्सिल उचलली. "खाली नाव लिहून देतो, वडलांना बरं वाटेल. काय नाव हिचं?"

"नाव ठेवायला सवडच मिळाली नाही हो," बाई म्हणाल्या. "सकाळी जन्मली आणि दुपारी गेली."