चोविसावा खण

चोविसाव्या खणात काहीच नव्हते.

सुताराने खण पूर्ण बाहेर काढला, उलटा केला, आत बोट फिरवले. नुसते गुळगुळीत लाकूड. खण जरा घट्ट बसत होता म्हणून रंधा मारायला त्याने तो ओढला होता, एवढेच. ठरल्या दिवसाआधी कोणी खण उघडायचा नाही, हा तिघा मित्रांचा नियम. तो पहिल्याच सकाळी, बाकीचे दोघे यायच्या आत, त्याच्या हातून मोडला होता.

पेटी त्यानेच केली होती. नाताळपर्यंतचे चोवीस दिवस, चोवीस खण. सुतार, कंपाउंडर आणि छापखान्यातला प्रूफवाला, तिघांनी आठ-आठ खण भरायचे. कोणाचे कुठले ते चिठ्ठ्या टाकून ठरले होते आणि ज्याचे त्यालाच ठाऊक होते. हलवून ओळखता येऊ नये म्हणून कंपाउंडरने दवाखान्यातला कापूस आणून प्रत्येक वस्तू त्यात गुंडाळायला लावली होती. रोज सकाळी सुताराच्या कारखान्यात चहा आणि पाळीपाळीने एक खण. गेल्या नाताळात प्रूफवाल्याची बायको गेली होती. यंदाचा डिसेंबर त्याला एकट्याने काढू द्यायचा नाही, असे दोघांनी त्याला न सांगता ठरवले होते.

आणि आता एक खण रिकामा. म्हणजे दोघांपैकी एकाने चोवीस तारीख धरलीच नव्हती. विचारावे, तर नियम मोडल्याचे कबूल करावे लागणार. उत्तराचीही भीती होतीच. सुताराने खण परत बसवला.

पहिल्या खणातून खोकल्याच्या वड्या निघाल्या, दुसऱ्यातून लाकडी चमचा. तिसऱ्यात प्रूफवाल्याची चिठ्ठी होती, वर्षातली सर्वांत चांगली चूक: 'मंत्र्यांच्या हस्ते मुलाचे उद्घाटन.' कंपाउंडरला हसता हसता ठसका लागला.

संध्याकाळी तिघे दवाखान्यावरून घरी जात. तिथे कंपाउंडर सुताराला गुडघ्याचे तेल देई आणि प्रूफवाल्याला झोपेची एक गोळी.

"पाकीटच दे की. रोज काय भीक घालतोस?" प्रूफवाला म्हणे.

"रोज तोंड दाखव, रोज घे."

"लागते ना रे झोप?" सुतार विचारी.

"मेल्यासारखी."

पण सकाळी त्याचे डोळे लाल असत. पाचव्या दिवशी त्याने आपले भिंग सुतारापुढे ठेवले. तीस वर्षे ते त्याच्या खिशात होते. "तुला बारीक कामाला होईल. मला आता वाचण्यासारखं काही उरलं नाही," तो म्हणाला.

नवव्या दिवशी खण उघडायची पाळी त्याची होती. दहा वाजून गेले तरी तो आला नाही. सुतार त्याच्या घरी गेला. दार नुसते लोटलेले होते. भांडी घासून पालथी घातली होती, फरशी पुसली होती, गादी गुंडाळून ठेवली होती. नव्या भाडेकरूला दाखवायला काढावे तसे घर. भिंतीवरचे घड्याळ बंद होते. प्रूफवाला कोट घालून टेबलाशी बसला होता.

"चहाचं पाणी तिसऱ्यांदा आटलं," सुतार म्हणाला.

"तुम्ही उघडा खण. माझ्यासाठी कशाला खोळंबता?"

"पाळी तुझी. आम्ही कसा उघडणार? तिकडे डॉक्टर कंपाउंडरच्या नावानं शंख करतोय आणि तो कारखान्यात बसलाय पेटीकडे बघत."

प्रूफवाला उठला, आतल्या खोलीत जाऊन आला, कोटाचा खिसा चाचपला आणि त्याच्यासोबत चालू लागला.

दहाव्या सकाळी सुताराने पेटी फळीवरून उचलली आणि तिच्यात काहीतरी वाजले.

त्याने पेटी पुन्हा कलती केली. आवाज खालच्या कोपऱ्यातून आला, चोविसाव्या खणातून. कोरडा आवाज, वाळलेल्या शेंगेतल्या बियांसारखा. कारखान्याची किल्ली फक्त त्याच्याकडे होती. उंदीर म्हणावा, तर त्याने केलेल्या सांध्यातून मुंगीसुद्धा शिरली नसती. त्याने खणाच्या मुठीला हात लावला आणि काढून घेतला. एकदा नियम मोडला तर हे पाहायला मिळाले होते.

अकराव्या दिवशी आवाज थोडा वाढला. बाराव्या दिवशी आणखी. रोज कोणीतरी चिमूटभर भर घालत असल्यासारखा तो खण भरत चालला होता. सुताराला आपल्याच हातच्या पेटीची धास्ती वाटू लागली. तो ती दोन्ही हातांनी, तान्ह्या मुलासारखी अलगद उचली, तरी ती वाजेच. बाकीच्या दोघांना तो काही बोलला नाही. ते आत चहा करताना गप्पा मारत. कधी तो आणि कंपाउंडर आत असत, तेव्हा प्रूफवाला पेटीपाशी बसून वर्तमानपत्रातल्या चुकांवर पेन्सिल चालवी.

तेविसावा खण उघडला, तेव्हा सुताराचा हिशेब पुरा झाला. त्याच्या स्वतःच्या आठ वस्तू निघाल्या होत्या. कंपाउंडरच्या आठ. प्रूफवाल्याच्या सातच.

चोविसाव्या सकाळी तो कुलूप काढायला आला, तेव्हा प्रूफवाला दारात उभा होता. डोळे लालभडक. सुतार आत चहा ठेवत होता तोवर प्रूफवाला पेटीपाशी बसला आणि कंपाउंडर आल्यावर त्याने पेटी स्वतःच टेबलावर आणून ठेवली. ती पावसासारखी वाजली.

"राहू दे आज," सुतार म्हणाला. "नंतर बघू."

"पाळी माझी आहे. तुम्ही कसं ठरवणार?"

त्याने खण ओढला आणि टेबलावर पालथा केला. लाकडाच्या भुशात पांढऱ्या बारीक गोळ्या घरंगळल्या. कंपाउंडरने त्या लगेच ओळखल्या. दवाखान्यातल्या सवयीने तो नखाने दोन-दोन बाजूला सारत मोजू लागला.

"तेवीस," तो म्हणाला. "एकसुद्धा घेतली नाहीस?"

"घेणार होतो. सगळ्या एकदम, आज. सुतार बोलवायला आला, त्या दिवसापासून इथं आणून टाकत गेलो." प्रूफवाल्याने बाहीने डोळे पुसले आणि टेबलावरचे वर्तमानपत्र पुढे ओढले. "सुतारा, माझं भिंग दे परत."