निळी कव्हरं

परत आलेलं पुस्तक हातात घेऊन गेनूमामा कपाटांसमोर खांबासारखे उभे होते. वाचनालयाचा कायापालट झाला होता: नवं बोधचिन्ह, आणि झाडून सगळ्या पुस्तकांना एकच निळं कव्हर.

हळदीचा डाग म्हणजे पाककृती, कुरतडलेला कोपरा म्हणजे शिकारकथा, अशा खुणांवर मामांनी शिपाईगिरीची सव्वीस वर्षं निभावून नेली होती. आपल्याला वाचता येत नाही, याचा कुणाला सुगावासुद्धा लागू दिला नव्हता.

“मामा, आज एवढा वेळ?” ग्रंथपालबाईंनी विचारलं.

“चष्मा घरी राहिला, बाई.”

“एवढंच ना? हा घ्या माझा.” बाईंनी स्वतःचा चष्मा काढून दिला. “दिसतंय ना आता?”

“दिसतंय की,” मामा म्हणाले.

निळ्या कव्हरावरची पांढरी अक्षरं फक्त मोठी झाली होती.