संक्रांतीचं वाण

संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं करायला प्रांजल स्वतः आली. ती माझ्या दिरांची सून, शेजारच्याच घरात राहते. माझा नवरा गेल्यापासून त्या घरातून मला हे बोलावणं कधी आलं नव्हतं. नवी नवरी होते तेव्हा तिथेच सासूबाईंच्या हाताखाली मी हलव्याला काटा आणायला शिकले. विधवा झाल्यावर मात्र बायकांचं हसणं माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून ऐकायचे.

"काकू, आता काळ बदललाय," ती म्हणाली.

"काळ नाही गं, माझं बँकेतलं खातं बदललंय."

वाटण्यांमध्ये दिरांनी आमच्या गळ्यात मारलेल्या खडकाळ माळावरून नवा रस्ता गेला होता. त्याचा मोबदला नुकताच जमा झाला होता.

तरीही गेले, ठेवणीतलं काळं इरकल नेसून. प्रांजलने सगळ्यांसमोर मला हळदीकुंकू लावलं आणि कानाशी वाकून म्हणाली, "आमच्या नव्या फ्लॅटला थोडे पैसे कमी पडताहेत, काकू. तुम्हाला एकटीला एवढे लागतात तरी कशाला?"

"जगायला," मी मुद्दाम मोठ्याने म्हणाले. "सगळे मुदत ठेवीत टाकलेत. व्याज मी खाणार आणि मुद्दल माझ्यामागे लेकीचं."

वाणाची वाटी धरलेला प्रांजलचा हात मागे गेला. मी पदर पुढे केला.

"घाल. कुंकू लावलंयस, ते आता मी पुसायची नाही. आणि पुढच्या वर्षी बोलावलं नाहीस, तरी येईन."