आइगोचा सूर

आईला निरोप द्यायला आन्दोंगची सगळी भावकी जमली होती. फोटोसमोर थोरल्या मुलाने "आइगो, आइगो" असा टाहो फोडायचा, ही आमच्याकडची, कोरियातली रीत. एरवी हेवा वाटो की हायसं, तोंडी हाच उद्गार येतो. मुलाची माया लोक त्यावरूनच जोखतात.

वर्तमानपत्राच्या नोकरीत मी जन्मभर दुसऱ्यांच्या बातम्यांतून असले उद्गार कापत आलो. माझं पहिलं "आइगो" कोरडं ठणठणीत निघालं.

"इन्सू, हवामान सांगतोयस का?" थोरले काका पुटपुटले.

दुसऱ्यांदा जोर लावला, तर शेजाऱ्याने नवी गाडी दाखवल्यावर नाक मुरडत म्हणतात तसं झालं. मागे कुणीतरी खोकून हसू दाबलं. तिसऱ्यांदा घाम पुसता पुसता जे तोंडातून सुटलं, ते दिवसभराचे घट्ट बूट काढल्यावर सुटतं तसं होतं.

काकांनी कपाळाला हात लावला. "अरे, आई गेलीय तुझी. सुटल्यासारखं काय म्हणतोस? लोक काय म्हणतील?"

"राहू द्या हो, दादा," मावशी म्हणाली. "हा सोलहून यायचा असला की ताई सकाळपासून रस्त्याकडे डोळे लावून बसायची. मग हा वळणावर दिसला की अगदी अस्संच म्हणायची."

पुढच्या "आइगो"साठी मी तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना.

"हं," काका हळूच म्हणाले, "आता जमलं."